इथल्या इथे

हेल्मेटची पुण्याइतकी तात्त्विक चिकित्सा जगात कुठे झाली नसेल. २०१९च्या १ जानेवारीपासून शहरात कडक अंमलबजावणी सुरू झाली, तेव्हा हेल्मेटसक्तीविरोधी कृती समिती मैदानात उतरली, आंदोलनं झाली, हेल्मेटची अंत्ययात्राही काढून झाली. हेल्मेट न घालणाऱ्याची अंत्ययात्रा मात्र घरगुती असते. तिला छायाचित्रकार येत नाहीत.

आक्षेप सगळे अभ्यासपूर्ण आहेत. केस गळतात. मान धरते. हॉर्न ऐकू येत नाही (ऐकू आल्यावर कोणी बाजूला झाल्याचं आमच्या तरी पाहण्यात नाही). पण या सगळ्यांवर मात करणारं ब्रह्मास्त्र म्हणजे, ‘‘अहो, इथल्या इथे तर जायचंय!’’ दळण आणायला, दूध आणायला, पोराला क्लासला सोडायला. अपघात हायवेवर होतात. आपल्या गल्लीतलं डांबर ओळखीचं आहे, ते असं कसं वागेल?

डांबराला ओळख कळत नाही, ही खरी अडचण. स्कूटरवर बसलेल्या माणसाचं डोकं जमिनीपासून साधारण दीड मीटरवर असतं. तेवढ्या उंचीवरून ते नुसतं खाली आलं, तरी ताशी वीसेक किलोमीटर वेगाने आपटतं. त्यासाठी गाडी चालू असण्याचीही गरज नाही.

‘इथल्या इथे’ या संप्रदायाचे एक जागतिक कीर्तीचे सदस्य म्हणजे लॉरेन्स ऑफ अरेबिया. वाळवंटातल्या लढाया पचवून हा गृहस्थ मायदेशी परतला आणि १९३५च्या मे महिन्यात, पोस्टातून तार करून मोटारसायकलवर घरी येताना, घरापासून जवळच, सायकलवरच्या दोन पोरांना चुकवण्याच्या नादात पडला. डोक्यावर काही नव्हतं. सहा दिवसांनी गेला. त्याला तपासणाऱ्यांपैकी ह्यू केर्न्स या मेंदूच्या शल्यविशारदाने पुढे असे अपघात अभ्यासले आणि १९४१मध्ये ब्रिटिश सैन्यातल्या मोटारसायकलस्वारांना हेल्मेट बंधनकारक झालं. केर्न्स पुण्यात असते, तर सक्तीचा डाव म्हणून त्यांच्याविरुद्धही समिती निघाली असती.

बरं, आपण पुणेकर काळजी घेत नाही असं नाही. चेहऱ्याभोवती स्कार्फचे वेढे, डोळ्यांना गॉगल, कोपरापर्यंत हातमोजे. उन्हापासून त्वचेचं इतकं कडेकोट संरक्षण केल्यावर कवटीसाठी वेगळी व्यवस्था कशाला? तिला कुठे ऊन लागतं!

ज्यांच्याकडे हेल्मेट आहे, ते ते कोपरात घालतात, आरशाला टांगतात किंवा पायाशी ठेवतात. चौकात मामा दिसले की कोपरातून डोक्यावर, चौक ओलांडला की पुन्हा कोपरात. पट्टा लावायला वेळच मिळत नाही. मग पडताना आधी हेल्मेट निघतं आणि मागून डोकं पोहोचतं. मागच्या सीटवरच्या मंडळींचा तर अपघाताशी काही संबंध असतो, हेच आपल्याला मान्य नाही. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२मध्ये देशात हेल्मेट न घातलेले ५०,०२९ जण मृत्युमुखी पडले. त्यांतले १४,३३७ नुसते मागे बसले होते.

रस्त्याकडेला मिळणाऱ्या अर्ध्या टोपड्याने मामांचं समाधान होत असेल, डांबराचं होत नाही. आयएसआय शिक्क्याच्या हेल्मेटच्या आत जाड थरमाकोल असतो. कवटीच्या बदल्यात चेपून जाणं एवढंच त्याचं काम. म्हणून जोरात आपटलेलं हेल्मेट, वरून कितीही धडधाकट दिसलं, तरी बाद.

तेव्हा दळणाला निघताना ते घाला, हनुवटीखाली पट्टा लावा आणि मागे बसणाऱ्यालाही एक घेऊन द्या. गिरणीत पोहोचल्यावर ते ठेवायचं कुठे, यावर समितीने खुशाल बैठक बोलवावी. फक्त बैठकीला गाडीवरून येणार असाल, तर घालून या.