माजी कॅप्टन

चेन्नईत गेलेल्या काळाबद्दल उसासे टाकायला हंगाम ठरलेला आहे. डिसेंबरच्या मध्यात मार्गळी महिना लागला की मैलापूर आणि टी. नगरातल्या सभांमधून सकाळपासून रात्रीपर्यंत गाणं चालतं, आणि त्याहून जास्त वेळ सभेच्या कँटीनमध्ये गाण्याबद्दल बोलणं चालतं. केळीच्या पानावर डोसा, पलीकडे पांढऱ्या वेष्टीतले मामा. मामा आजच्या गायिकेला 'बरी आहे' म्हणतात, डोळे मिटतात आणि जुन्या जमान्यातल्या सेम्मंगुडींच्या तोडी रागात शिरतात. त्यांना कोणी अडवत नाही. म्युझिक अकॅडमी १९२८ची. तिच्याइतकंच गावानं या मामांनाही जपलंय.

आमच्या कॅप्टनची तक्रार एवढीच, की गोंगाटाच्या रसिकाला या गावात एकही सभा नाही.

माजी कॅप्टन ही एक जातच आहे. मद्रासच्या प्रत्येक जुन्या कॉलेजनं अशी दहा-वीस माणसं शहरात सोडून ठेवलेली आहेत. वय सत्तरीच्या आसपास. उंची अजून शाबूत, पण गुडघे जिना बघूनच कुरकुरतात. बँक, रेल्वे किंवा आयकर खात्यातून निवृत्त. पोट रिबाउंडला उडी मारायच्या बेतात असल्यासारखं चार बोटं पुढे. ओळखायची हमखास खूण म्हणजे कुठल्याही बंदिस्त जागेत शिरल्याबरोबर हा माणूस एक टाळी वाजवतो आणि मान तिरकी करून ऐकतो. लग्नाचं कार्यालय असो, देवळाचा मंडप असो, दातांच्या डॉक्टरांची खोली असो. टाळीचा आवाज फिरून आला तर चेहरा उजळतो. जागच्या जागी मेला तर "पडदे फार आहेत" असं म्हणून तो खुर्ची शोधतो.

मी ज्यांना ओळखतो ते कॅप्टन तंजावरी. व्यंकोजीराजांच्या मागोमाग दक्षिणेत उतरलेलं घराणं, आजोबांच्या वेळेपासून मद्रासेत. मराठी बोलतात, पण चिडले की तमिळमध्ये चिडतात आणि हिशेब तमिळमध्येच करतात. शहराचं नाव १९९६ साली बदललं, ते त्यांनी आधार कार्डापुरतं मान्य केलं आहे. कॅप्टन कुठल्या साली होतात, असं विचारलं तर साल खणखणीत सांगतात. 'कॅप्टन'च्या आधी 'व्हाइस' असा एक शब्द येतो, तो मात्र फार हळू. त्यांच्या तोंडून हळू निघालेला मी ऐकलेला तो एकमेव शब्द.

विषय कायम एकच: त्यांच्या कॉलेजची बास्केटबॉलची शेड. कॉलेजचं नाव मी सांगत नाही. ते स्वतः सांगतीलच, तिसऱ्या वाक्यात.

मद्रासेत बास्केटबॉल म्हणजे उघड्यावरचा खेळ. सिमेंटचं कोर्ट, दोन्ही टोकांना लोखंडी खांब, दुपारी तीनला त्यावर अनवाणी उभं राहिलात तर नाचाचे वेगळे क्लास लावायला नकोत. म्हणून सामने संध्याकाळी सहानंतर, दिव्यांखाली. एग्मोरला असंच, लोयोला कॉलेजच्या बर्ट्रम स्मृती स्पर्धेत वर्षानुवर्षं असंच. अशा गावात कॅप्टनच्या कॉलेजकडे छप्पर होतं! पत्र्याचं होतं, गळकं होतं, मुळात ते गोदाम असावं असा माझा संशय आहे. पण छप्पर ते छप्पर. खाली सिमेंट, चारी बाजूंना गिलावा न केलेल्या विटा, वर पत्रा. आवाज शोषून घेईल असं आत काहीच नाही; माणसांचे शर्ट, तेही बहुतेकांनी काढून हातात फिरवायला घेतलेले. एकदा आत शिरलेला आवाज बाहेर पडायचा रस्ता शोधत भिंतींवर आपटत राहायचा. "आम्ही पहिल्या हाफमध्ये केलेली आरडाओरड," कॅप्टन सांगतात, "आम्हालाच दुसऱ्या हाफमध्ये उपयोगी पडायची."

बसायला लाकडी फळ्यांच्या पाच-सहा पायऱ्या. त्यावर बसायचं नसतं, उभं राहून टाचा आपटायच्या असतात. उशिरा आलेले बाहेरून पत्रा बडवायचे, शहर बसच्या कुशीवर थाप मारत 'गाना' गाणी म्हणायची मद्रासी विद्यार्थ्यांची जी जुनी विद्या आहे ती इथे वापरून. ऑक्टोबर-नोव्हेंबरात ईशान्येचा मान्सून यायचा, मग वरूनही ताल सुरू. रेफरीची शिट्टी कोणाला ऐकू जायची नाही, म्हणून रेफरी हात हलवायचा. गर्दीत हात दिसायचे नाहीत, म्हणून तो शेवटी त्या खेळाडूचा शर्टच धरायचा. पाहुणा संघ फ्री थ्रो घ्यायला उभा राहिला की शेड आधी एकदम गप्प व्हायची. "ती शांतता," कॅप्टन म्हणतात, "ती जास्त वाईट." चेंडू हातातून सुटायच्या क्षणी चारशे घसे एकदम फुटायचे. कधी चारशे, कधी सहाशे. आकडा ऐकणाऱ्याच्या वयावर असतो.

"मग त्या फायनलचा निकाल काय लागला?" एका फायनलची गोष्ट ऐकल्यावर मी एकदा विचारलं.

"निकाल? ऐकूच आला नाही हो!"

हे उत्तर विनोद म्हणून दिलेलं नव्हतं. त्यांच्या कुठल्याच गोष्टीत गुणफलक नाही. कोण कुठून ओरडलं, कोणाचा आवाज कितव्या मिनिटाला बसला, पत्र्याचा खिळा कुठल्या घोषणेला उचकटला, सगळं पाठ. कोण जिंकलं ते विचारायचं नाही. माझा अंदाज आहे की कॉलेज बरंच हरलं असावं. जिंकणाऱ्या माणसाला ढाल आठवते, हरणाऱ्याला वातावरण.

आपल्या गोंगाटाला कॅप्टननी वंशावळही जोडली आहे, आणि गंमत म्हणजे ती बरीचशी खरी आहे. १८९१ साली अमेरिकेत स्प्रिंगफील्डच्या वायएमसीएच्या शाळेत जेम्स नेस्मिथनी व्यायामशाळेच्या गॅलरीच्या कठड्याला पीचच्या टोपल्या ठोकल्या. कठडा दहा फुटांवर होता म्हणून रिंग आजही दहा फुटांवर. पण गॅलरीतले प्रेक्षक वाकून चेंडू ढकलायला लागले, कोणी आत, कोणी बाहेर. त्यांचे हात अडवायला टोपलीमागे बोर्ड आला. "म्हणजे बघा," कॅप्टन बोट नाचवतात, "लेअप मारायला बोर्ड नाही आलेला. आमच्यासारख्यांना आवरायला आलेला आहे!" त्याच वायएमसीएचे हॅरी बक १९१९ साली मद्रासला आले, पुढच्या वर्षी त्यांनी शारीरिक शिक्षणाचं कॉलेज काढलं, ते अजून नंदनमला आहे, १९२४च्या पॅरिस ऑलिंपिकला भारताचा चमू घेऊन गेले ते हेच. बक, नंदनम, नंदनमला शिकलेले पी.टी. मास्तर, त्या मास्तरांच्या हाताखाली कॅप्टन: टोपल्यांपासून शेडपर्यंत परंपरा अखंड आहे. घराण्याचा मुद्दा निघाला की हिंदुस्थानी गवई गुरूचं नाव घेताना कानाच्या पाळीला हात लावतो. कॅप्टनही लावतात. फक्त तिथे आता श्रवणयंत्र आहे.

त्या यंत्राची कथा वेगळी. डॉक्टर म्हणाले, वयामुळे. कॅप्टन म्हणाले, सेमीफायनलमुळे. दोघांनी आपापलं मत कायम ठेवलं आहे.

खेळाडू म्हणूनच त्यांना बँकेत नोकरी लागली. त्या काळी मद्रासेत बँका, दक्षिण रेल्वे, पेरंबूरचा डब्यांचा कारखाना, सगळ्यांचे संघ असत आणि बरा पिव्हट कारकून म्हणून खपून जात असे. काउंटरवर बसून कॅप्टन टोकन नंबर पुकारत, तर रस्त्यापलीकडे कॉफी पीत बसलेला खातेदार उठून यायचा. गुप्त शिल्लक गुप्त राहीना, तेव्हा त्यांना आतल्या खोलीत कर्जविभागात बसवलं. तिथे वसुली सुधारली म्हणतात.

नव्या बास्केटबॉलवर त्यांचे आक्षेप ऐकावेत. इतर म्हातारे म्हणतात, खेळ बिघडला. हे म्हणतात, ओरडायला जागा ठेवली नाही. पूर्वी वीस-वीस मिनिटांचे दोन हाफ असत, २००० साली दहा-दहाचे चार तुकडे केले, "रंग चढेपर्यंत भोंगा!" त्याच साली चेंडू टाकायची मुदत ३० सेकंदांवरून २४ वर आणली. त्यांच्या कॉलेजची मुख्य घोषणा पूर्ण म्हणायला २८ सेकंद लागतात, हे मी घड्याळ लावून पाहिलं आहे. तिचं आता काय करायचं? तीन गुणांची रेषा १९८४ साली आली तीही त्यांना मंजूर नाही. "आमच्या वेळी तितक्या लांबून टाकला तरी गुण दोनच मिळायचे. शिवाय मास्तरांची शिवी, ती वेगळी." एकाच बाबतीत त्यांचा विरोध गळून पडतो. अनिता पॉलदुरैचं नाव काढा. चेन्नईची मुलगी, दक्षिण रेल्वेकडून खेळली, एकोणिसाव्या वर्षी भारताची कॅप्टन, २०२१ला पद्मश्री. तिच्यात त्यांना एकही खोट सापडत नाही. हळहळ इतकीच, की तिचा खेळ शेडनं ऐकला नाही.

शेड पाडली त्याला आता बरीच वर्षं झाली. त्या जागी चार मजली इमारत आहे, तळमजल्यावर दुचाक्या. १८५५ साली इंग्रजांनी तंजावर खालसा केलं ते या घराण्यानं पचवलं; शेडचं अजून पचायचं आहे.

घरी गेलात तर प्रात्यक्षिक होतंच. काकू फिल्टर कॉफी आणतात. कॅप्टन डबरा-टंबलर बाजूला सारून पापड वाळवायचा पत्रा भिंतीला टेकवतात, तळव्याने एक थाप देतात आणि मला स्वयंपाकघराच्या दारात उभं करतात, कारण तिथून 'गॅलरीचा अँगल' मिळतो. "हे झालं दार. आता यावर छप्पर धरा." धरलं. "त्यात टाचा मिसळा." मिसळल्या. "पाऊस?" पाऊस म्हणून ते डाळीचा डबा हलवतात. तूरडाळ चालत नाही, उडीद लागते. तूर म्हणे फार मऊ पडते. एवढ्यात आतून काकूंचा आवाज: "अहो, शेजारचे मामा 'हिंदू' वाचताहेत." मामा 'हिंदू' वाचत असले की मैलापुरात टाचणी पडू द्यायची नसते. पाऊस थांबतो. पण डबा खाली ठेवण्याआधी हळूच एकदा हलवला जातोच.

मागे त्यांना पेरियामेटच्या नेहरू इनडोअर स्टेडियमवर एक सामना दाखवायला नेलं. १९९५च्या साफ गेम्सच्या काळातली ही वास्तू; २००९ साली आशियाई महिला स्पर्धाही इथेच झाली होती. आत शिरल्यावर कॅप्टननी टाळी वाजवली. मान तिरकी केली. आवाज वर कुठेतरी गेला, परत येईना. "मोठं आहे," ते म्हणाले, त्यात कौतुक नव्हतं. मग डीजे सुरू झाला. प्रत्येक टाइमआउटला कर्ण्यातून ढोल, आणि पडद्यावर अक्षरं: आवाज करा. कॅप्टन ती अक्षरं बराच वेळ वाचत राहिले. "सांगावं लागतं?" त्यांनी विचारलं, आणि श्रवणयंत्र काढून खिशात टाकलं. शिट्ट्यांचं श्रेय क्रिकेटवाल्या सुपर किंग्जनी घेतलं हे दुःख त्यांना आधीपासून आहेच. त्यांनी 'विसिल पोडु', म्हणजे शिट्टी वाजव, म्हणायच्या कितीतरी आधी शेडमध्ये दोन बोटांच्या, चार बोटांच्या आणि बिनबोटांच्या अशा तीन शिट्ट्या होत्या म्हणे.

तिसऱ्या क्वार्टरमध्ये त्यांना राहवेना. पुढच्या रांगेत कुठल्याशा शाळेची मुलं चिप्स खात बसली होती. कॅप्टननी त्यांना प्लास्टिकच्या खुर्चीच्या पाठीवर थाप कशी मारायची ते दाखवलं: बोटं जुळवून, तळवा किंचित खोलगट. मुलं हुशार निघाली. मिनिटाभरात ती रांग, मग मागची. "विडादे डा!" कॅप्टन उभे राहून गरजले, सोडू नकोस, आणि कोर्टावरच्या एका पोरानं चेंडू अडवायचा सोडून वर पाहिलं.

गणवेशातला रखवालदार धावत आला. "सार, उक्कारुंग. खुर्च्या मोडतील."

कॅप्टन बसले नाहीत. "तंबी, तू कुठला?"

तो तिरुनेलवेलीकडचा निघाला. गावी कबड्डी खेळायचा. झालं. कॅप्टननी श्रवणयंत्र पुन्हा कानात घातलं, म्हणजे मामला गंभीर. त्यांनी त्याला शेड सांगितली, पत्र्यासकट, पावसासकट. त्यानं शांतपणे ऐकून घेतली आणि म्हणाला, आमच्याकडे छप्पर नसतं सार, पण देवळाच्या उत्सवात रात्री सामने असले की पलीकडच्या गावातली कुत्री भुंकतात.

"कबड्डीत काय," कॅप्टन म्हणाले, "आवाज एकाच माणसाचा, तोही एका दमाचा!"

"हो सार. पण तो खेळणारा असतो."

कॅप्टन त्याच्याकडे बघत राहिले. खाली भोंगा झाला, कोणीतरी जिंकलं, डीजेनं ढोल सोडले. रखवालदारानं शेजारची खुर्ची ओढून घेतली आणि तळव्याने तिच्या पाठीवर एक थाप दिली. "असं नाही रे," कॅप्टन म्हणाले, "खोलगट, खोलगट कर."