मूळचित्रमीमांसा, अर्थात मागच्या बाजूचे शास्त्र

ग्रंथारंभी चार अनुबंध सांगावेत, ही जुन्या शास्त्रकारांची शिस्त. ग्रंथ कोणासाठी, कशाविषयी, दोहोंचा संबंध काय आणि वाचून पदरात काय पडणार, एवढे आधी सांगितले की वाचकाला वेळेत पळ काढता येतो. प्रस्तुत शास्त्राचा विषय मूळ चित्र. व्यंगचित्र, चित्रकथेचे पान किंवा दिवाळी अंकाचे मुखपृष्ठ छापून येण्यापूर्वी चित्रकाराने ज्या कागदावर हाताने काढले, तो कागद म्हणजे मूळ चित्र. छापील प्रती हजारो निघोत, हा एकच. संबंध असा, की तो ज्याच्या घरात असतो त्याला त्याचे मोल ठाऊक नसते आणि ज्याला मोल ठाऊक असते त्याच्या घरात तो नसतो. या दोघांची गाठ चारचौघांत पडली तर लिलाव होतो, एकांतात पडली तर सौदा. प्रयोजन फलश्रुतीत येईल. राहिला अधिकारी.

अधिकारिप्रकरण

पूर्वपक्ष असा, की असले शौक पॅरिसला आणि डॅलसला शोभतात. टिनटिनचे जनक एर्जे यांनी १९३६ मध्ये ‘ब्लू लोटस’साठी एक मुखपृष्ठ रंगवले. एवढ्या रंगांची छपाई परवडत नाही म्हणून ते नाकारले गेले. तेच नाकारलेले चित्र जानेवारी २०२१ मध्ये पॅरिसच्या आर्टक्युरिअल लिलावगृहात ३१ लाख ७५ हजार युरोंना गेले. पुढच्या जानेवारीत डॅलसच्या हेरिटेज ऑक्शन्समध्ये १९८४ सालच्या ‘सीक्रेट वॉर्स’ या कॉमिकच्या आठव्या अंकातले एक पान, तेही आतले, ३३ लाख ६० हजार डॉलरना गेले. त्या पानावर स्पायडरमॅनच्या अंगावर काळा पोशाख चढतो. काळा पोशाख चढवून कोणी एवढा महाग झाल्याचा दाखला वकिलीतही नाही. तेव्हा महाराष्ट्र-कर्नाटक सीमेवरच्या निपाणीकराने तंबाखू बघावा, ऊस बघावा, फार तर नगरपालिकेचे राजकारण बघावे. त्याने यात का पडावे?

उत्तरपक्ष. संग्राहकाला तीन गुण लागतात. पहिला, वस्तू मुळात कोणाची, तिथून ती कोणाकडे गेली आणि कशाच्या आधारे गेली, हे खणून काढण्याची खोड. दुसरा, निकाल लागेपर्यंत थांबण्याची तयारी. तिसरा, एकाच वस्तूला दोन नावे असली तरी डोके शांत ठेवणे. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचना झाली, तेव्हापासून सीमाभागातला माणूस या तिन्ही गुणांची तालीम करतो आहे. गाव मुळात कोणाचे, याचे कागद त्याच्या पत्र्याच्या ट्रंकेत असतात: जुने उतारे, आजोबांचा शाळेचा दाखला, पिवळी पडलेली पावती. सीमावादावरच्या महाजन आयोगाचा अहवाल १९६७ चा आणि सर्वोच्च न्यायालयातला दावा २००४ चा. ज्याने एवढे थांबून दाखवले, त्याला एका मुखपृष्ठासाठी पंधरा वर्षे कोणाच्या दारी खेटे घालणे म्हणजे किरकोळ काम. आणि नावांचे म्हणाल तर २०१४ पासून सरकारी कागदावर बेळगावी आणि तोंडात बेळगाव, ही कसरत तो झोपेतही करतो. सबब अधिकारी हाच. पॅरिसकरांनी हवे तर शिकवणी लावावी.

पीठप्रकरण

प्रत्येक शास्त्राला आद्यपीठ लागते. आमचे पीठ निपाणी तालुक्यातले भोज. शब्दांवाचून हसवणारे व्यंगचित्रकार शि. द. फडणीस २९ जुलै १९२५ रोजी तिथे जन्मले. पुढे कोल्हापूर, मुंबईचे जे. जे. स्कूल, अनंत अंतरकरांच्या ‘हंस’ आणि ‘मोहिनी’ची मुखपृष्ठे, ‘हसरी गॅलरी’ची प्रदर्शने, आणि महाराष्ट्रातल्या पोरांना गणिताच्या पुस्तकात हसायला लावण्याचा अघटित पराक्रम. बसची वाट पाहणाऱ्या दोघांपैकी एकाच्या कपड्यांवर मांजरे आणि दुसऱ्याच्या कपड्यांवर उंदीर, हे त्यांचे चित्र ज्यांनी पाहिले त्यांना बाकी ओळख लागत नाही.

संग्रहशास्त्रात वस्तूचा मालकी-इतिहास आधी तपासतात. आम्ही चित्रकाराच्या गावापासून सुरुवात केली. भोज १९२५ मध्ये मुंबई इलाख्यात, १९५६ पासून म्हैसूर राज्यात, १९७३ पासून कर्नाटकात. तालुका आधी चिकोडी, आता निपाणी. गाव जागचे हलले नाही, वरचा मथळा तेवढा बदलत गेला. डॅलसच्या एखाद्या पानाचा इतिहास एवढा गुंतागुंतीचा असता, तर त्याने आणखी दहा लाख डॉलर खाल्ले असते.

आता नियम. फडणीसांनंतर दहा वर्षांनी, १९३५ मध्ये, बेळगावात रवी परांजपे जन्मले. के. बी. कुलकर्णींच्या हाताखाली ते शिकले आणि पुढे देशात बोधचित्रकार म्हणून नावाजले. यावरून सीमाभाग दर दहा वर्षांनी एक मोठा रेखाटनकार देतो, असे सिद्ध होते. दोनच उदाहरणांवर नियम उभा केल्याबद्दल कोणी नाके मुरडील. पण एकाच उदाहरणावर उभी असलेली शास्त्रे आमच्या पाहण्यात आहेत आणि त्यांना अनुदानही मिळते.

या पीठाचे आणखी एक माहात्म्य. कर्नाटकात २०२४ च्या दुरुस्तीनंतर दुकानांच्या पाट्यांवर साठ टक्के जागा कन्नडला द्यावी लागते. फडणीसांच्या चित्रात अक्षरच नसते. शून्याचे साठ टक्के शून्यच. त्यामुळे बेळगावच्या भर बाजारात, कोणत्याही पक्षाच्या दगडाला न भिता, दुकानाच्या काचेत टांगता येईल असे चित्र भोजच्या या सुपुत्राचेच.

दोषप्रकरण

इथे शास्त्राचा गाभा. छापील प्रत दोष झाकते, मूळ चित्र दोष राखून ठेवते, आणि संग्राहक पैसे मोजतो ते या दोषांचे. निर्दोष चित्र हवे त्याने जुना अंक रद्दीवाल्याकडून किलोच्या भावाने घ्यावा. दोष पाच.

पहिला, श्वेतदोष. नाक चुकले की चित्रकार त्यावर पांढरा पोस्टर कलर फिरवतो आणि वर नवे नाक काढतो. छपाईचा ठसा बनवणाऱ्या ब्लॉकमेकरच्या कॅमेऱ्याला पांढऱ्यावर पांढरे दिसत नाही. मूळ कागद उजेडात तिरका धरला की दोन्ही नाके दिसतात. जाणकार दुसऱ्या नाकाचे पैसे देतो, पण पहिल्यासाठी जीव टाकतो.

दुसरा, नीलदोष. कच्चे रेखाटन फिकट निळ्या पेन्सिलीने करतात, कारण ब्लॉकच्या फिल्मला तो निळा पांढराच भासतो. मग खोडायचे कशाला? शाईच्या रेषेखाली निळ्या रेषांचे जंजाळ तसेच राहते आणि चित्रकाराचा हात कुठे अडखळला, ते कायमचे नोंदले जाते.

तिसरा, समासदोष. कडेला संपादकाच्या सूचना: दोन कॉलम रुंदी, डावीकडे तोंड करा, उद्या सकाळी हवे. मूळ चित्र छपाईपेक्षा मोठे काढतात, म्हणून ते किती लहान करायचे याचे आकडेही तिथेच. कित्येक समासांत चित्रापेक्षा जास्त नाट्य असते.

चौथा, पृष्ठदोष, म्हणजे पाठीमागचा. शिक्के, तारखा, प्रेसचा पत्ता, कोणी तरी केलेला दुधाचा हिशेब. चित्रकाराची सही पुढे असते आणि नकली करणारा तीच गिरवतो. मागचा दुधाचा हिशेब मात्र कोणी नकली करीत नाही, म्हणून तोच सर्वांत भरवशाचा पुरावा.

पाचवा, पुटदोष, म्हणजे घडी. एर्जेंच्या त्या मुखपृष्ठावर घड्यांच्या स्पष्ट खुणा आहेत. प्रकाशकांच्या लहान मुलाला ते भेट मिळाले, त्याने घड्या घालून खणात टाकले, असे कुटुंबीय सांगत आले. ही भेटीची गोष्ट सगळ्यांना पटलेली नाही. पण एवढे खरे, की शाळकरी पोराच्या खणात जे चित्र वाचले ते मोठ्या माणसांच्या कपाटात वाचलेच असते, असे नाही.

मोठ्या माणसांनी काय केले ते पाहा. ब्लॉक तयार झाला की चित्राचे काम संपले, असे बहुतेक छापखाने मानत. कागद कोनाड्यात, मग माळ्यावर, मग बंबात. ब्लॉकही पुढे जस्ताच्या भावाने भंगारात. अमेरिकेतही निराळे नव्हते. जॅक कर्बी यांनी मार्व्हलसाठी हजारो पाने काढली. ती परत मिळावीत म्हणून त्यांना कंपनीशी जाहीर भांडावे लागले आणि १९८७ मध्ये हाती आली ती दोनेक हजार. आमचा चित्रकथेतला वेताळ तर मुळातच परदेशी. १९६४ पासून इंद्रजाल कॉमिक्सने वर्तमानपत्री पट्ट्या कापून-जोडून तो आपल्याकडे आणला. म्हणजे निपाणीच्या पोराने उशीखाली ठेवलेला वेताळ प्रतीचीही प्रत होती. त्याने मूळ शोधायचे तर राम वाईरकर, प्रताप मुळीक यांनी अमर चित्रकथेसाठी काढलेली पाने शोधावीत. ती निदान आगगाडीच्या टप्प्यात आहेत.

जतनाविषयी एक उपसिद्धान्त. बेळगावचा पाऊस कागदाला चार महिने दमट ठेवतो आणि बुरशी कोणत्याही दलालापेक्षा लवकर माल गाठते. उलट, कसर लागू नये म्हणून पोथ्यांत तंबाखूचे पान ठेवण्याची जुनी रीत आहे. मग ज्या गावात पानांच्या वखारीच उभ्या आहेत, ते जगातले सर्वांत मोठे तयार संग्रहालय ठरते. चित्र पाहताना शिंका येतील, एवढेच.

मूल्यप्रकरण

मूल्य ठरवण्याच्या रीती दोन. लिलावात किंमत सगळ्यांना कळते, घेणारा कोण ते कळत नाही. खासगी सौद्यात घेणारा सगळ्या गल्लीला कळतो, किंमत कोणालाच कळत नाही.

लिलावाचा शिष्टाचार मोठा. आधी जाहीर अंदाजी किंमत, मग ज्याखाली माल द्यायचा नाही अशी गुप्त राखीव किंमत, मग फलक वर, मग हातोडा. हातोडा पडला की संपले असे नव्या माणसाला वाटते. पण त्यावर लिलावगृहाची टक्केवारी चढते आणि हरल्याची भावना जिंकलेल्यालाच होते.

खासगी सौद्याची सीमाभागातली रीत याहून शास्त्रशुद्ध. जनावरांच्या बाजारात रुमालाखाली हात धरून बोटांनी भाव करण्याची पद्धत जुनी आहे. बोट दाबले की आकडा कळतो आणि शेजारचा कोरडा राहतो. चित्राच्या सौद्यात रुमालाची जागा मौन घेते. संवादाचे प्रमाणरूप असे:

“अण्णा, किती म्हणताय?”

“तुम्हीच बोला की ओ.”

“माल तुमचा, बोलायचं आम्ही?”

“मग बघून जावा की. बघायला कुठं पैसे पडतात!”

यानंतर चहा. चहानंतर विषय ऊसदरावर जातो. चित्र बघायला आलेला माणूस चित्राचे नाव न काढता उठतो आणि उंबऱ्यावर चप्पल घालताना, पाठमोरा, एक आकडा टाकतो. हाच खरा आकडा. समोरासमोर सांगितलेले सगळे आकडे व्याकरणापुरते.

विधिप्रकरण

कायद्याची कलमे तीन. एक, चित्र विकत घेतले म्हणजे कागद मिळाला, छापण्याचा हक्क नव्हे. तो लेखी करार करून वेगळा घ्यावा लागतो. टांगा, आरती ओवाळा, कॅलेंडर मात्र काढू नका.

दोन, कॉपीराइट कायद्याचे कलम ५३-अ. ते १९९४ च्या दुरुस्तीने आले. मूळ चित्राची पुनर्विक्री दहा हजार रुपयांहून अधिक किमतीला झाली, तर चित्रकाराला, मागे त्याच्या वारसांना, त्या किमतीत वाटा मागता येतो. वाट्याची कमाल मर्यादा दहा टक्के. आता उंबऱ्यावरचा आकडा ‘दहाला एक कमी’ या पवित्र ठिकाणी का अडतो, हे सुज्ञांनी ओळखावे. आमच्या मते चित्रकाराचा वाटा देऊन टाकावा. ज्याच्या चुकलेल्या नाकावर आपण चैन करतो, त्याला नाकापुरते तरी द्यावे.

तीन, १९७२ चा पुरावस्तू कायदा. शंभर वर्षे पुरी झालेले चित्र पुरावस्तू ठरते आणि ते देशाबाहेर नेता येत नाही. फडणीसांच्या जन्माला २९ जुलै २०२५ रोजी शंभर वर्षे झाली. त्यांच्या चित्रांना अजून अवकाश आहे. म्हणजे चित्रकार आधी शंभरीला पोचतो आणि चित्र मागून येते. सुदैवाने कायदा माणसांना लागू नाही. निपाणीहून कागलला चित्र नेणे ही निर्यात होय काय, असा प्रश्न एका अभ्यासकाने काढला. राज्यघटनेनुसार नाही. कोगनोळीच्या नाक्यावर सीमाप्रश्न तापलेल्या दिवशी अडकलेल्या माणसाला विचाराल, तर उत्तर वेगळे मिळेल. देवचंद कॉलेजच्या पत्त्यात तालुका कागल, जिल्हा कोल्हापूर आणि व्हाया निपाणी असे सगळे एका ओळीत सुखाने नांदते. चित्रांचे व्यवहार तिथल्या फाटकाशी करावेत, असे आमचे मत.

फलश्रुती

जो हे शास्त्र नित्य वाचील, त्याला रद्दीचा गठ्ठा वजनकाट्यावर चढण्यापूर्वी उलटून पाहण्याची बुद्धी होईल. दिवाळी अंकांच्या काळात ज्याचा आजा-पणजा छापखान्यात होता, त्याला माळा आवरण्याचा ध्यास लागेल आणि घरातली मंडळी चकित होतील. ज्याला चित्र सापडेल त्याला पुतणे फार फुटतील. ज्याला सापडणार नाही त्यालाही माळा साफ झाल्याचे पुण्य आहेच. घेणाऱ्याला शेवटचा उपदेश एवढाच: मागची बाजू पाहिल्याशिवाय पैसे काढू नयेत, आणि पाहून काढायचेच ठरले तर रुमाल स्वतःचा न्यावा.