सीझरचे पप्पा

श्रीवर्धनात आळीगणिक एक तरी ‘सीझरचे पप्पा’ सापडतात. त्यांचं खरं नाव लाइटच्या बिलावर असतं. गाव त्यांना कुत्र्यावरूनच ओळखतं. ठाण्या-डोंबिवलीत नोकरी संपवून ते वडिलोपार्जित पोफळीच्या वाडीत परततात. ३ जून २०२०च्या निसर्ग वादळात कौलं उडालेली असतात, तिथे स्लॅब पडतो. गुडघाभर गडगा जाऊन पुरुषभर भिंत येते, भिंतीला लोखंडी फाटक, फाटकावर ‘कुत्र्यापासून सावधान’. मग ती पाटी खोटी पडू नये म्हणून कुत्रा.

सीझर लॅब्राडोर आहे. त्याची वंशावळ लॅमिनेट करून हॉलमध्ये कॅलेंडरशेजारी टांगली आहे. बाळाजी विश्वनाथ पेशव्यांच्या गावात वंशावळीचं कौतुक व्हायचंच. पण तिच्या पार वरच्या टोकाला न्यूफाउंडलंडच्या कोळ्यांची जाळी ओढणारे, गळातून सुटलेली मासळी पाण्यात उडी मारून धरणारे कुत्रे होते, हे काही पप्पांच्या कानावर नाही. त्या घराण्याचा हा वारस मासळीची टोपली दिसली की गाडीखाली शिरतो.

“आमचा सीझर कुणात मिसळत नाही हो,” असं पप्पा सांगतात. सूर तक्रारीचा नसतो; मुलगा निर्व्यसनी आहे हे मुलीकडच्यांना सांगावं, तसा असतो. अहो, मिसळायला द्यायला तर हवं! तिसऱ्या आठवड्यापासून साधारण बाराव्या-चौदाव्या आठवड्यापर्यंत पिल्लू जे बघेल, हुंगेल, ते त्याच्या लेखी आपलं. त्यानंतर भेटेल त्याच्याबद्दल आधी संशय. स्कॉट आणि फुलर या अमेरिकन शास्त्रज्ञांनी वर्षानुवर्षं पिल्लं वाढवून हे १९६५ साली पुस्तकात मांडलं. सीझरने ते आठवडे सोफ्यावर मालिका बघत काढले. सासू-सुनेच्या भांडणाला तो आजही दचकत नाही.

“लसी व्हायच्या होत्या ना!” हे पप्पांचं ठरलेलं उत्तर. लसी पुऱ्या होईपर्यंत पिल्लाला रस्त्यावर सोडू नये, हे बरोबरच. पण कडेवर घेऊन एसटी स्टँड दाखवून आणायला कोणी अडवलं होतं? आता सुपारी उतरवणारा पाडेली एका पोफळीवरून झोका घेऊन दुसरीवर गेला की सीझर तासभर ओरडतो. माणूस झाडावर असतो, हे त्याला कोणी सांगितलेलंच नाही.

खरी मजा संध्याकाळी किनाऱ्यावर. गावातला एक काळा कुत्रा शेपटी हलवत येतो आणि रीतीप्रमाणे मागून वास घेऊन विचारपूस करू बघतो. पप्पा लगेच पट्टा आखडतात. पट्टा ताठ झाला की सीझरला वाटतं, काहीतरी संकट आलं, तो गुरगुरतो. तो गुरगुरला की पप्पा तीस किलोंचं ते धूड कवेत उचलतात. चष्मा वाळूत, एक चप्पल लाटेत, सीझरचा पाय खिशात, आणि त्या अवस्थेतही बाजूच्या पर्यटकांना आश्वासन चालूच: “घाबरू नका, काही करत नाही तो!” काळा कुत्रा खाली बसून हे सगळं शांतपणे बघतो. दोघांत संस्कार कोणावर झालेत, हे सांगायला नको.

शेवटी यात हात घातला मासळीवाल्या मावशींनी. “पप्पा, पट्टा सैल सोडा आणि तिथंच उभे राहा,” त्या फाटकाबाहेरून म्हणाल्या आणि लांबून एक मांदेली टाकली. दुसऱ्या दिवशी जरा जवळून. काळ्यालाही एक, पण हाताच्या अंतरावर. सीझर कान पाडून मागे सरकला, तर त्याही दोन पावलं मागे, बळजबरी नाही. शहरातले ट्रेनर याच उपायाचे तासावर पैसे घेतात. पावसाळा सरता सरता सीझर आणि काळा एकाच टोपलीकडे तोंड करून बसू लागले. पाडेल्यावर ओरडणं मात्र चालू आहे. सगळंच काही भरून निघत नाही.

तेव्हा घरात नवं पिल्लू आणलं असेल, तर तेरावा आठवडा उलटायच्या आत त्याला कडेवर घेऊन जीवना बंदरावर एक चक्कर मारा. मांदेलीचे पैसे मात्र तुमचे तुम्ही द्या. पप्पांची उधारी अजून बाकी आहे.