दत्तक दाताची वॉरंटी

झाशी सोडून बबिन्याच्या दिशेला निघालं की बिजौली लागतं. औद्योगिक वसाहत, ट्रकांची वर्दळ, आणि जरा पुढे खैलारला भेलचा कारखाना, जिथं ट्रान्सफॉर्मर आणि रेल्वेची इंजिनं तयार होतात. असल्या पट्ट्यात राहणारा माणूस कुठलीही वस्तू घेताना आधी वॉरंटी विचारतो. दाताच्या डॉक्टरलाही सोडत नाही. रूट कॅनाल झाला, आता कॅप बसवू, असं डॉक्टर म्हणाले की गालात कापसाचे बोळे असतानाही पेशंटच्या तोंडून दोन शब्द स्वच्छ बाहेर पडतात : ‘कितने साल?’

उत्तर खिशानुसार मिळतं. साधी मेटलची कॅप, तिच्यावर मेटल-सिरॅमिक, आणि सगळ्यात वर झिरकोनिया. झिरकोनियाबरोबर लॅबचं कार्ड येतं. पाच, दहा, कधी पंधरा वर्षांचं, नंबर घातलेलं. इथल्या मराठी घरांत हे कार्ड लॅमिनेट होऊन घराच्या खरेदीखताशेजारी कपाटात जातं. ब्रश मात्र बेसिनवर तोच, केस चारी दिशांना पांगलेला, गेल्या दिवाळीचा.

कार्डावर बारीक अक्षरात काय असतं ते कोणी वाचत नाही. वॉरंटी कॅपची असते, दाताची नव्हे. कॅप बसवायची म्हणजे आधी दात चहूबाजूंनी मिलिमीटर-दीड मिलिमीटर घासून बारीक करायचा आणि त्या खुंटावर ती सिमेंटने चिकटवायची. झिरकोनियाला कीड लागत नाही. खुंट मात्र तुमचाच, जुना, पेढेखाऊ. कॅपची कड जिथं दाताला मिळते तिथं अन्न साचलं की कीड आत शिरते. आणि यातली खरी मेख अशी, की बोंब मारणारी नस डॉक्टरांनी रूट कॅनालमध्ये आधीच काढून टाकलेली असते. आत दात कुजतोय आणि मालक शांतपणे जेवतोय, अशी आदर्श प्रशासनाला शोभेल अशी व्यवस्था तोंडातच तयार होते.

कॅप म्हणजे तोंडाने दत्तक घेतलेला दातच, पण झाशीत दत्तकाचा विषय जपून काढावा. झाशीचे राजे गंगाधररावांनी २० नोव्हेंबर १८५३ ला मुलगा दत्तक घेतला, दुसऱ्या दिवशी ते गेले, आणि १८५४ मध्ये गव्हर्नर जनरल डलहौसीने दत्तक नामंजूर करून संस्थान खालसा केलं. त्या मानाने हिरडी दिलदार. दत्तक आलेला दात ती मुकाट्याने पदरात घेते. तिची मागणी एकच, सीमेवर रोज गस्त हवी. मऊ ब्रश हिरडीच्या कडेने फिरवायचा आणि दोन दातांच्या फटीतून रात्री फ्लॉसचा दोरा ओढायचा. पण आमच्याकडे दोरा पतंगाला, गजऱ्याला आणि वडाला. दाताला टाचणी.

रंगाची निवड हा तर सोहळाच. डॉक्टर सोळा रंगांच्या नमुना-दातांची पट्टी काढतात आणि एकेक नमुना शेजारच्या दाताला लावून बघतात. खिडकीजवळ नेऊन बघतात, कारण ट्यूबलाइटखाली रंग फसवतो. शेजारचा दात गेली वीस वर्षं कत्था, चहा आणि मसाल्यात मुरलेला. तो रंग पट्टीवर छापायला परदेशी कंपनीला अजून जमलेलं नाही. डॉक्टर सुचवतात, जरा पिवळट घेऊ, जुळेल. पेशंट ऐकतो नमुन्याचं नाव, ‘ए-वन’, आणि प्रश्न मिटतो. पैसे ए-वन दिलेत, दात बी-ग्रेडचा का घ्यायचा? त्यानंतर लग्नाच्या प्रत्येक फोटोत तो एकटा दात पुढे आणि बाकीचं खानदान मागे.

उत्तर प्रदेशात गुटख्यावर १ एप्रिल २०१३ पासून बंदी आहे. म्हणून टपरीवाला कायदा पाळल्याचा देखावा करतो : पान मसाल्याची पुडी वेगळी देतो, तंबाखूची वेगळी, आणि एकत्र करायचं काम गिऱ्हाइकाच्या तळहातावर सोपवतो. पुण्या-नाशिकच्या पाहुण्यांनी हसू नये, तिथली बंदी तर २०१२ ची, म्हणजे जास्त मुरलेली. आणि तंबाखूला हातही न लावणारे आमचे सोवळे काका जेवण झालं की अडकित्ता काढतात. सुपारीला बंदीही नाही आणि पापही नाही. ती एका बाजूने सिरॅमिकचा टवका उडवते आणि दुसऱ्या बाजूने गाल आतून ताठ करत नेते. पुढे पुढे तोंडात स्वतःची तीन बोटं उभी जात नाहीत. डॉक्टर मापाचा ट्रे घेऊन उभे, आणि दरवाजा अर्धा इंच उघडा. पंधरा वर्षांचं कार्ड अशा वेळी कुठल्या फटीतून आत सारायचं, हे लॅबने लिहिलेलं नसतं.

एक जमात याहून हुशार. रूट कॅनाल झाला, ठणका थांबला, मग कॅपला पैसे कशाला? हे लोक तात्पुरत्या भरावावर संसार करतात. तात्पुरत्या पुलावरून तीस वर्षं एसटी नेणाऱ्या देशात त्यांचं चुकतं असंही म्हणवत नाही. फक्त पोखरलेली दाढ ठिसूळ असते, आणि बुंदेलखंडात भाजलेले चणे चांगले मिळतात. एक दिवस कट्कन आवाज येतो. दाढ उभी मुळापर्यंत चिरली, की कॅप बसवायला खाली काही उरत नाही. काढूनच टाकावी लागते, आणि मग इम्प्लांटचा आकडा ऐकून कॅप स्वस्त वाटू लागते.

बसवलेली कॅप निघालीच, तर ती डबीत घालून तशीच डॉक्टरकडे न्यायची असते. बहुतेकदा धुऊन पुसून पुन्हा चिकटवता येते. पण कारखान्यात जन्म गेलेल्या आमच्या काकांना कॅप चिकटवायला झाशी गाठणं हा अपमान वाटतो. ड्रॉवरमध्ये पाच रुपयांची फेविक्विक असते, आरसा असतो, सून चहा करत असते. कॅप बसते, जरा तिरकी, जरा उंच, पण घट्ट. डॉक्टरांनी निळा कागद चावायला देऊन उंचवटे घासले असते; काकांनी जबडाच थोडा डावीकडे सरकवायची सवय लावून घेतली आहे. सोमवारी ते कार्ड घेऊन निघणार आहेत. चघळताना कानाजवळ कट्कट् वाजतं, ते वॉरंटीत बसतं का, विचारायला.