मोठेबाबा आणि सिमेंटचे बैल

शेतकऱ्याला शेतीच्या संग्रहालयात नेऊ नये. नेलंच तर त्याच्या हातात काठी देऊ नये. आणि दिलीच, तर 'वस्तूंना हात लावू नये' ही पाटी त्याला वाचून दाखवू नये. कारण काठी म्हणजे काही हात नव्हे, हे उत्तर त्याच्याकडे तयार असतं.

आमचे मोठेबाबा सौंसरकडचे. म्हणजे मध्य प्रदेशातले मराठी. १ नोव्हेंबर १९५६ ला विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले आणि आम्ही छिंदवाड्याबरोबर मागे राहिलो. तेव्हापासून आमच्या जमिनीचा खसरा हिंदीत आणि बांधावरचं भांडण मराठीत, अशी वाटणी झालेली आहे. ५ ऑक्टोबर २०२३ ला पांढुर्णा नवा जिल्हा झाला आणि सौंसर त्यात गेलं. मोठेबाबांच्या मते फरक एवढाच, की आता साहेब नाहीत हे ऐकायला वेगळ्या दिशेनं जावं लागतं.

संत्र्याचा आंबिया बहार व्यापाऱ्याला देऊन झाला, हात मोकळे झाले, आणि मोठी आईनं कोल्हापूरच्या अंबाबाईचा जुना नवस काढला. नागपूरपर्यंत आम्ही बसनं गेलो. आमची सौंसरवरून जाणारी छोटी गाडी २०१५ साली बंद झाली. रूळ बदलून मोठी लाईन आली, पण नागपुरात मोतीबागेला छोट्या गाड्यांचं संग्रहालय आहे आणि तिथं तिची भावंडं रंग लावून उभी आहेत. मोठेबाबांना तिथं न्यायचं मी सुचवलं. ते म्हणाले, "ज्या गाडीत धक्के खाल्ले तिले तिकीट काढून पाहू कायले?"

संग्रहालयाबद्दलचं त्यांचं धोरण मला तेव्हाच कळायला हवं होतं.

महाराष्ट्र एक्सप्रेस गोंदियाहून निघते आणि अख्खं राज्य आडवं पार करून कोल्हापूरला टेकते. वर्धा, अकोला, भुसावळ, मनमाड, दौंड, पुणे, मिरज. उजेड होता तोवर मोठेबाबांनी खिडकी सोडली नाही. महाराष्ट्राच्या पिकांना त्यांनी सरसकट मार्क दिले. वर्ध्याची कपाशी काठावर पास झाली. पुढे एका तुरीच्या वावराकडे पाहून त्यांनी "यानं पेरली का सांडली?" एवढंच विचारलं. वावराचा मालक सुदैवानं गाडीत नव्हता.

दुसऱ्या दिवशी किर्लोस्करवाडी गेली, तेव्हा मी संधी साधून त्यांना लक्ष्मणराव किर्लोस्करांची गोष्ट सांगितली. या माळावर त्यांनी १९१० साली कारखाना उभा केला. त्याआधी त्यांचे पहिले लोखंडी नांगर दोनेक वर्षं विकले गेले नव्हते, कारण लोखंडानं जमिनीला विष बाधेल असं शेतकऱ्यांना वाटत होतं. शेतकरी कसा अडाणी आणि उद्योजक कसा चिकाटीचा, असा माझा सूर. मोठेबाबा म्हणाले, "बरोबरच केलं त्यायनं. नवी वस्तू दोन वर्षं दुसऱ्याच्या वावरात पाहावं." या तत्त्वावर त्यांनी आजवर तीन बियाणं कंपन्यांचे एजंट चहा पाजून परत पाठवले आहेत.

नवस फिटला आणि आम्ही कणेरीला गेलो. कोल्हापूरजवळच्या या कणेरीला सिद्धगिरी मठ आहे आणि मठानं उभारलेलं ग्रामजीवन संग्रहालय. सुमारे सात एकरांत ऐंशीच्या आसपास प्रसंग आणि तीनशेच्या वर पुतळे. बारा बलुतेदार, त्यांची घरं, शेतं, जनावरं, सगळं माणसाच्या मापाचं आणि बरंचसं उघड्यावर. पुतळे सिमेंटचे, पण दंडाच्या शिरांपासून धोतराच्या चुण्यांपर्यंत इतके हुबेहूब, की मोठेबाबांनी आत शिरताच ओट्यावरच्या एका म्हाताऱ्याला राम राम घातला. उत्तर आलं नाही. "लय घमेंडी आहे," म्हणून ते पुढे गेले. तो पुतळा आहे हे मी सांगितल्यावरही त्यांचं मत बदललं नाही.

बैलांपाशी आमचा मुक्काम लांबला. शेजारी पटका बांधलेले एक स्थानिक आजोबा नातवाला खिल्लार दाखवत होते. मोठेबाबा अंदाज घेत म्हणाले, "बैल चांगला आहे. पण आमचा गवळाऊ याच्याहून चपळ."

"कुठलं म्हणायचं पाव्हणं?"

"सौंसर. मध्य प्रदेश."

"आन् मराठी एवढं चांगलं कसं काय बोलतासा?"

हा प्रश्न आम्हाला पुण्यात विचारतात, मुंबईत विचारतात. मोठेबाबांचं उत्तर ठरलेलं आहे: "तुम्ही कसं काय बोलता?"

मग जुंपली. गवळाऊ म्हणजे वर्धा, नागपूर, छिंदवाड्याकडचा पांढरा, हलक्या बांध्याचा बैल; मराठ्यांच्या फौजा डोंगरातून झपाट्यानं न्यायला तो तयार केला, असं आमच्याकडे सांगतात. तेही मोठेबाबांनी सांगितलं. पटकेवाल्या आजोबांनी खिल्लारच्या शर्यती काढल्या. मोठेबाबांनी पोळा काढला. आजोबांनी बेंदूर काढला. ते कुळव म्हणत होते, हे वखर म्हणत होते, पण पास जमिनीत किती बोटं जावी यावर दोघांचं एका मिनिटात एकमत झालं आणि सिमेंटचा नांगऱ्या नांगर जरा वरच धरून आहे, हा ठरावही मंजूर झाला. नातू तोवर बैलाच्या पाठीवर चढायच्या बेतात होता.

मोटेपाशी मोठेबाबांना खुर्चीच हवी होती. तरुणपणी त्यांनी मोट हाकली आहे. सोंडमोटेला दोन दोर. जाड नाडा वरच्या चाकावरून, बारीक सोंदूर खालच्या रुळावरून. नाडा मोट ओढतो, सोंदूर तिची सोंड वर दुमडून धरतो, आणि मोट काठाशी आली की सोंड थारोळ्यात आपोआप ओतते. बैल उताराच्या धावेवरून पुढे गेले की पाणी वर येतं. मग त्यांना उलट्या पावलांनी मागे आणायचं, चढावर.

"पुढं तं कोणीबी जाते," मोठेबाबा जमलेल्यांना सांगत होते, "बैलाले मांगं चालवणं हे खरं काम होय."

"मोट गेली याचं वाईट वाटतं का?" असं एका शहरी बाईंनी फार हळव्या आवाजात विचारलं. ते म्हणाले, "काहीच नाही बाई. पाठ मोडत होती. फक्त एक होतं, मोटेची लाईन रात्री दोनले येत नव्हती." लाईन म्हणजे पंपाची वीज.

मोठी आई एव्हाना जात्याच्या घरात पोचली होती. दळणाऱ्या बायांच्या चेहऱ्यांकडे ती बराच वेळ पाहत राहिली. "ह्या हासून कायले राहिल्या?" पहाटे चारला उठून पायली-पायली ज्वारी दळलेली बाई आहे ती. शेजारच्या दोन मुली जात्याच्या खुंट्याला हात लावल्यासारखं करून फोटो काढत होत्या. त्यांना ती प्रेमानं म्हणाली, "दळा ना माय, लाजता कायले?"

खरी ठिणगी मात्र औतांपाशी पडली. एका शाळेची सहल आली होती आणि गुरुजी मुलांना समजावत होते: "मुलांनो, पूर्वीच्या काळी शेतकरी अशा अवजारांनी पिकातलं तण काढत असत."

मोठेबाबांनी हात वर केला. तेही शाळेत कधी केला नसेल इतका सरळ.

"गुरुजी, हा डवरा होय. आत्ता श्रावणात मारला मी, कपाशीत."

गुरुजी सज्जन होते. "हो का? वा! पण आता ट्रॅक्टर..."

"कपाशी मांडीएवढी झाली का ट्रॅक्टर कुठून घालता? डोक्यावरून?" मग त्यांनी पोरांना सगळं दाखवलं. बैलांच्या तोंडाला मुसकं कशासाठी, दोन ओळींतून डवरा नेताना पाय कुठं ठेवायचा, तण उपटतं ते उपटतंच पण मातीची भेग बुजते आणि ओल टिकते ती कशी. तिथून ते तिफणीवर गेले. चाडं म्हणजे लाकडी वाटी, तळाला तीन भोकं. त्यातून बी तीन नळ्यांनी तीन फणांमागे पडतं. चाड्यावर बहुधा बाई असते. मूठ भरून अंगठ्याच्या आडून दाणा सोडायचा, असा की तिन्ही भोकांत सारखा जावा. मागं दोरीला बांधलेलं सरतं, त्यातून तुरीची वेगळी ओळ. "तुमचं कंप्युटर बिघडते," ते म्हणाले, "मोठी आईचा अंगठा कधी बिघडला नाही." मोठी आईनं हे ऐकलं आणि ऐकलं नाहीसं दाखवलं.

पोरं गुरुजींना सोडून त्यांच्याभोवती गोळा झाली. पुढच्या रांगेतल्या एका चुणचुणीत मुलीनं विचारलं, "आजोबा, तुम्ही पूर्वीच्या काळचे आहात का?"

यावर मात्र मोठेबाबांकडे तयार उत्तर नव्हतं. परत गाडीत बसल्यावर भुसावळच्या आसपास कुठंतरी ते एकदम म्हणाले, "मी गेलो का बाबू? मले जिवंतपणीच मांडून ठेवलं यायनं."

निघण्याआधी अजून एक प्रकार झाला. तिथल्या एका कर्मचाऱ्याला बाजूला घेऊन त्यांनी एका जुवाची किंमत विचारली. आमचा सुतार म्हातारा झाला, पोरगा नागपुरात फर्निचर करतो, त्यामुळे नीट बाभळीचं जू मिळणं कठीण झालंय. मोठेबाबांना संग्रहालय हे शेवटपर्यंत चांगल्या मालाचं आणि कधी न उघडणारं दुकान वाटत राहिलं. कर्मचारी हसून नाही म्हणाला. "ठेवून तरी काय करता?" मोठेबाबांनी विचारलं. त्याचंही म्हणणं तेच होतं बहुतेक, पण नोकरीचा प्रश्न होता.

गावी परतल्यावर मी फोटो दाखवले आणि आमच्या पोरांच्या डोक्यात किडा शिरला. जिल्हा झाला, कलेक्टर आले, मग संग्रहालय का नको? समाजमंदिराची मागची खोली मिळाली. घरोघर फिरून सामान मागितलं. मिळालंही भरपूर: बंडीचं चाक, पायली, अधोली, गोफण, पोळ्याच्या झुली, तान्ह्या पोळ्याचे लाकडी बैल, एक फुटका रेडिओ. फक्त प्रत्येकानं देताना अट घातली, "लागलं तर नेईन." आणि लागत होतंच. पायली एका घरी धान्य मोजायला गेली ती परत यायला महिना लागला. पोळ्याला झुली गेल्या.

पांढुर्ण्याचं संग्रहालय म्हणजे गोटमारीचा दगड हवाच, असा एक गट होता. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या मधोमध पळसाचं झाड रोवतात, त्यावर झेंडा. एका काठावर पांढुर्णा, दुसऱ्या काठावर सावरगाव, आणि मधून दगड. माणसं जायबंदी होतात, जीवही गेले आहेत. प्रशासनानं एकदा रबरी चेंडू देऊन पाहिले, लोक पुन्हा दगडांवर आले. बैलांना सुट्टी मिळाली की दुसऱ्याच दिवशी माणसांनी हे का करावं, हे मला अजून कळलेलं नाही. मोठेबाबांनी दगडाला साफ नकार दिला. "तो शेतीतला नाही, डोक्यातला होय."

डवरा त्यांनी दिला. पोरांनी त्याखाली पाटी लावली: 'डवरा. पूर्वीच्या काळी पिकातील तण काढण्यासाठी वापरत.' ती मोठेबाबांनी पाहिली, काही न बोलता काढली, आणि कपाशीला डवऱ्याची वेळ झाली तेव्हा डवराही उचलून नेला. रिकाम्या जागी त्यांनी नातवाकडून नवी पाटी लिहून घेतली: 'डवरा कामावर गेला आहे. संध्याकाळी पाहावा.'

नेमके त्याच आठवड्यात कुणी साहेब पाहणीला आले. पाटी वाचून मनापासून हसले, आणि खरंच संध्याकाळपर्यंत थांबले. मोठेबाबा बैल घेऊन आले, डवऱ्याची माती झटकली, तो जागेवर ठेवला, साहेबांना चहा दिला. साहेब म्हणाले, संग्रहालयासाठी काही हवं असेल तर सांगा.

"साहेब," मोठेबाबा खुर्ची जवळ ओढत म्हणाले, "रात्री दोनची लाईन दिवसा करून भेटते का?"