खंजिरीचा सोहळा कसा भरवावा? नवशिक्या संयोजकांसाठी आठ पायऱ्या

ज्यांची संयोजकपदी एकमताने निवड झाली आणि निवडीच्या वेळी जे बैठकीला हजर नव्हते, त्यांच्यासाठी ही मार्गदर्शिका आहे. बैठकीला वेळेवर येणारे सगळे अनुभवी असतात, म्हणून ते कधीच संयोजक होत नाहीत. आपली निवड झाली आहे, राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या पुण्यतिथीचा खंजिरी भजनाचा कार्यक्रम आपल्या गळ्यात पडला आहे, आणि दिवस वीस उरले आहेत. घाबरू नका. पायऱ्या वाचा आणि त्याच क्रमाने चुका.

आधी थोडं सामान्यज्ञान

एखादा मोठा गवई गेला की बाकीच्या मोठ्या गवयांनी एकत्र येऊन त्याच्यासाठी गायचं, ही रीत जगभर आहे. पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत शिकलेला फारुख बलसारा पुढे फ्रेडी मर्क्युरी म्हणून गाजला आणि नोव्हेंबर 1991 मध्ये वारला. 20 एप्रिल 1992 रोजी लंडनच्या वेम्ब्ली मैदानात त्याच्यासाठी सुमारे 72 हजार माणसं जमली. एल्टन जॉन, डेव्हिड बोवी, जॉर्ज मायकेल, लायझा मिनेली, सगळे आले. जॉर्ज हॅरिसनला जाऊन बरोबर एक वर्ष झालं त्या दिवशी, 29 नोव्हेंबर 2002 ला, रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये मैफल झाली. तिच्यासाठी पंडित रविशंकरांनी खास रचना केली होती. म्हणजे पहिलं वर्षश्राद्ध साहेबालाही कळतं.

आमच्या वऱ्हाडात आणि वर्ध्यात ही जागा माणिक बंडोजी इंगळे, म्हणजेच तुकडोजी महाराज, यांची. जन्म 30 एप्रिल 1909, गाव यावली, जिल्हा अमरावती. गिटार नाही, पडद्यावर रोषणाई नाही. हातात एक खंजिरी आणि समोर मावणार नाही एवढं गाव. 1936 मध्ये गांधीजींनी त्यांना सेवाग्रामला बोलावून घेतलं. 1942 मध्ये चिमूर-आष्टी पेटलं, तेव्हा इंग्रज सरकारने या भजनवाल्याला उचलून आधी नागपूरच्या आणि मग रायपूरच्या तुरुंगात ठेवलं. भजनाला घाबरणारं सरकार म्हणजे गायकाला मिळालेलं मोठंच प्रशस्तिपत्र. 1955 मध्ये ते जपानला विश्वधर्म परिषदेला गेले. ‘राष्ट्रसंत’ ही पदवी राजेंद्रप्रसादांनी दिली. आज नागपूरचं विद्यापीठ त्यांच्या नावाने आहे.

कार्यक्रमाचं गाव पवनार. आठवणीचे कार्यक्रम या गावाला नवे नाहीत. गांधीजींच्या अस्थी 12 फेब्रुवारी 1948 ला इथेच धाम नदीत विसर्जित झाल्या आणि त्या दिवशी दरवर्षी सर्वोदय मेळा भरतो. विनोबा भावे 15 नोव्हेंबर 1982 ला इथल्याच आश्रमात वारले. दरवर्षी त्या सुमारास देशभरातून त्यांची माणसं मित्रमिलनाला येतात. इतिहाससंशोधक वा. वि. मिराशींच्या मते तर वाकाटकांची राजधानी प्रवरपूर ती हीच. तेव्हा आपल्याला सल्ला देणारे कमी पडतील, ही काळजी करू नका.

पायरी पहिली: तारीख

महाराज गेले 11 ऑक्टोबर 1968 रोजी. तिथी अश्विन वद्य पंचमी. बैठकीत दोन गट पडतील, तारीखवाले आणि तिथीवाले. दोघांचंही ऐकून घ्या. महाराजांच्या आश्रमात, मोझरीच्या गुरुकुंजात, मुख्य सोहळा तिथीला असतो, हे सांगितलं की तारीखवाले गप्प होतात. मग तिसरा गट उठतो. तो सोयाबीनवाल्यांचा. कोजागिरी झाली की सोंगणीला माणूस मिळत नाही, थ्रेशर दारात उभा असतो, आणि पावसाचा भरवसा नसतो. “पुण्यतिथी दरसाल येते भाऊ, थ्रेशर येत नाई,” हे वाक्य आपल्याला ऐकावं लागेल. त्यावर उत्तर नाही. कार्यक्रम दुपारी 3 ला ठेवा आणि 4 ला सुरू होईल असं मनात धरा.

पायरी दुसरी: वर्गणी

पावतीबुक छापा. पहिली पावती स्वतःच्या नावाने फाडा, दुसरी सासऱ्याच्या. वर्गणी मागायला तिघांनी जावं: एक बोलणारा, एक लिहिणारा आणि एक असा की ज्याच्याकडे पाहून नाही म्हणता येत नाही. हा तिसरा बहुधा शाळेतून निवृत्त झालेले गुरुजी असतात. “पाहून सांगतो” याचा अर्थ नाही असा होतो. “तुमी काऊन तकलीफ घेतली, मीच येत होतो” याचाही तोच.

पायरी तिसरी: कलावंत

वेम्ब्लीला जे तारे, ते आपल्याकडे भजनी मंडळ. एका मंडळात आठ-दहा जण: एक मुख्य गायक, दोन-चार खंजिऱ्या, पेटी, ढोलकी, टाळ आणि एक जण नुसता मान हलवायला. पंचक्रोशीतली सहा मंडळं बोलावली तर सहा तारे झाले, आणि प्रत्येकाला वाटतं की मानाची बारी आपली. पहिल्यांदा गायला कोणी तयार नसतं, कारण तेव्हा समोर फक्त लहान पोरं आणि सतरंजी असते. शेवटीही कोणी तयार नसतं, कारण तोवर वरण उकळलेलं असतं आणि वास मांडवात येतो. म्हणजे सहाही मंडळांना तिसरा नंबर हवा असतो.

उपाय: चिठ्ठ्या टाका. चिठ्ठी लहान मुलीकडून उचलून घ्या, म्हणजे भांडता येत नाही. तरी “आमचं कवा येते?” हे विचारायला माणूस दर दहा मिनिटांनी येईलच. त्याला “हे झालं की तुमचंच” असं सांगावं. सगळ्यांना सांगावं.

विशेष सूचना: अकोल्याकडचे सत्यपाल महाराज एकाच वेळी सात खंजिऱ्या वाजवून कीर्तन करतात, हे सर्वांना माहीत आहे. त्यामुळे प्रत्येक मंडळात एक तरुण असा असतो जो या वर्षी तीन वाजवून पाहणार असतो. त्याच्या समोरची रांग मोकळी ठेवा.

पायरी चौथी: फ्लेक्स

फ्लेक्सवर सर्वांत वर महाराजांचा फोटो, खाली शुभेच्छुक. शुभेच्छुक वाढत जातात, फोटो लहान होत जातो. टपाल खात्याने महाराजांवर तिकीट काढलं आहे. आमच्या फ्लेक्सवर पहिल्या वर्षी फोटो त्या तिकिटाएवढाच राहिला होता. त्या वर्षीचा संयोजक मी होतो. बावीस चेहरे, सगळे पांढऱ्या शर्टात, आणि वर एका कोपऱ्यात भगव्या रंगाचा ठिपका. गावातल्या एका म्हातारीने विचारलं, “पोरा, पुण्यतिथी कोनाची हाये? एवढे सारे एकदम गेले?” तेव्हापासून फ्लेक्सवर एकच फोटो असतो. वर्गणी थोडी घटली.

पायरी पाचवी: आवाज

साऊंडवाल्याला दोन गोष्टी स्पष्ट सांगा. एक, हा लग्नाचा कार्यक्रम नाही. दोन, खंजिरीला बास वाढवू नको. तो दोन्हींना मान डोलावेल आणि मग लग्नाच्याच सेटिंगवर बटणं ठेवून चहाला जाईल. पितळी चकत्या माईकच्या तोंडाशी वाजल्या की चोंगा जी शिट्टी मारतो, ती धामच्या पल्याड ऐकू जाते. माईक खंजिरीपासून हातभर लांब असावा. गायकापासूनही असावा, पण ते कोणी ऐकत नाही.

लाईट जाईल. तो जाणारच आहे, म्हणून त्याची भीती धरू नका. अनुभव असा की लाईट गेल्यावर जे मंडळ गात असतं तेच सगळ्यांत चांगलं गातं. तेव्हा आवाज पुढच्या रांगेपर्यंत पोहोचवायला मागचे सगळे साथ धरतात.

पायरी सहावी: खंजिरी

संयोजकाला खंजिरी वाजवता आली पाहिजे असं नाही, पण हातात कशी धरायची ते आलं पाहिजे, कारण कोणीतरी ती आपल्याकडे देऊन पाणी प्यायला जातो. लाकडाचं एक कडं, एका तोंडावर ताणून बसवलेलं कातडं, कडेला खाचा आणि त्यांत पितळी चकत्यांच्या जोड्या. कडं डाव्या हातात. त्याच हाताची बोटं कातड्याच्या काठाला हलकी टेकलेली, उजवा पंजा मोकळा. डावी बोटं दाबली की आवाज चढतो, सोडली की उतरतो. पहिल्या आठवड्यात अंगठ्याच्या मुळाशी फोड येतो. तो दाखवत फिरू नका. मंडळातल्या प्रत्येकाला तो येऊन गेला आहे.

ऑक्टोबरच्या दमट हवेत कातडं सैल पडतं आणि खंजिरी धप्प बोलते. पूर्वी मांडवामागे आगटी असायची, तिच्यावर ती शेकत. आता हॅलोजनसमोर धरतात. धरताना सारखी फिरवायची, मधूनमधून बोटाने टिचकी मारून पाहायची. टिचकीला टणक उत्तर आलं की बाजूला घ्यायची. मी एकदा पाहुण्यांच्या स्वागताला उठलो आणि काकांची तीस वर्षांची खंजिरी दिव्यासमोर विसरलो. कातडं फाटल्याचा आवाज बंदुकीसारखा आला. काका काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांनी नवं कातडं चढवलं आणि खंजिरी मलाच दिली. शिक्षा म्हणून की बक्षीस म्हणून, हे त्यांनी शेवटपर्यंत सांगितलं नाही.

पायरी सातवी: पाहुणे

‘दोन शब्द’ म्हणजे सव्वीस मिनिटं. महाराजांच्या ग्रामगीतेचे 41 अध्याय आहेत आणि त्यांत गावाच्या सफाईपासून गावातल्या भांडणापर्यंत सगळं आलं आहे. पाहुण्यांनी त्यातला एकही वाचलेला नसला तरी ते सगळ्यांवर बोलतात. शाल-श्रीफळ भाषणाच्या आधी देऊ नये. नारळ हातात आला की माणसाला बोलायला जोर येतो.

मंचावर मधली जागा पाहुण्यांना देऊ नका. महाराजांच्या गुरुदेव सेवा मंडळाच्या प्रार्थनेत मूर्तीऐवजी अधिष्ठान मांडतात, गादी आणि तक्क्या, आणि ती गादी रिकामी असते. पहिल्या वर्षी एक पाहुणे थकून येऊन तिच्यावर बसले. आम्ही त्यांना हार घातला, त्या निमित्ताने उभं केलं, आणि मग दुसरीकडे बसवलं. हार जास्तीचे आणून ठेवावेत.

पायरी आठवी: मौन

वेळेच्या क्रमाने ही पायरी आधी येते. सर्वांत अवघड म्हणून शेवटी ठेवली आहे.

महाराजांनी देह ठेवला ती वेळ दुपारची 4 वाजून 58 मिनिटं. मोझरीला त्या मिनिटाला लाखोंचा जमाव उभा राहतो आणि एकदम शांत होतो. ज्यांनी ते पाहिलं आहे ते गाण्याबद्दल कमी आणि त्या शांततेबद्दल जास्त बोलतात. वेम्ब्लीला डेव्हिड बोवीने गाणं संपवून गुडघे टेकले आणि प्रार्थना म्हटली, तेव्हा तिथेही लोकांना असंच काही झालं असावं.

आपल्याकडे मात्र 4 वाजून 55 मिनिटांनी कोणाचं घड्याळ बरोबर यावर वाद सुरू होतो. मग निवेदक माईक हातात घेतो: “आता आपण मौन पाळणार आहोत. मौन सुरू झालेलं आहे. कृपया कोणी बोलू नये. मागच्या बाजूला आवाज येत आहे. हे मौन महाराजांना अर्पण आहे...” आणि मौन संपेपर्यंत मौनाचं धावतं समालोचन चालतं. ज्या गावात विनोबांनी 25 डिसेंबर 1974 पासून पूर्ण एक वर्ष मौन पाळलं, त्या गावात आपल्याला दोन मिनिटं जड जातात.

यावर आम्हाला सापडलेला उपाय असा. निवेदकाकडून माईक काढून घ्यावा. साऊंड बंद करावा, नुसता कमी नाही, बटणच खाली. आणि सगळ्या मंडळांना खंजिरी खाली कशी ठेवायची ते आदल्या संध्याकाळी शिकवावं. कारण माणसं गप्प झाली तरी चकत्या गप्प होत नाहीत. सगळ्या खंजिऱ्या सतरंजीवर टेकल्या की छुनछुन उठतेच. डाव्या हाताचा पंजा कड्याभोवती आवळायचा, चकत्या बोटांत दाबून धरायच्या, कातडं मांडीकडे करून ती मांडीवर टेकवायची आणि हात तसाच ठेवायचा.

मागच्या वर्षी हे जमलं. सहाही मंडळं, तिसरा नंबर मागणारे, तीन खंजिऱ्या एकदम वाजवणारा तो पोरगा, सगळे चकत्या मुठीत धरून बसले होते. पुलावरून जाणाऱ्या गाड्यांचा आवाज पहिल्यांदा मांडवात ऐकू आला.

खंजिरी वाजवायला शिकायला सहा महिने लागतात, न वाजवता धरायला एक संध्याकाळ. ती आदली संध्याकाळ चुकवू नका. येताना स्वतःची खंजिरी आणा, घड्याळ मोबाईलशी लावून ठेवा, आणि 4 वाजून 58 मिनिटांच्या आत जागेवर बसा. जेवण नंतर आहे, बुंदी पुरेल.