अथ पाणबुडेघड्याळनिर्णय

प्रश्न असा. चऱ्होली बुद्रुकात राहणाऱ्या, पोहता न येणाऱ्या, पण हाताशी चार पैसे जमलेल्या गृहस्थाने रोलेक्स सबमरीनर घ्यावे की ओमेगा सीमास्टर डायव्हर ३००एम? पंढरपूरच्या काशीनाथ उपाध्यायांनी १७९०च्या सुमारास ‘धर्मसिंधु’ लिहिला. एकादशी दोन दिवस आली तर कोणती धरावी, ग्रहणाच्या वेधात कोणी जेवावे, असल्या असंख्य पेचांचा त्यात निकाल लावलेला आहे. मात्र दोन घड्याळे सारखीच खोल बुडत असतील तर मनगटावर कोणते चढवावे, याविषयी एवढा सिंधू असूनही ग्रंथ मौन पाळतो. ती उणीव येथे भरून काढली आहे.

शास्त्रग्रंथाच्या आरंभी अधिकारी, विषय, संबंध आणि प्रयोजन सांगण्याचा प्रघात आहे. अधिकारी, म्हणजे ज्याला या विद्येचा हक्क पोहोचतो तो, चऱ्होलीत दोन प्रकारचा आढळतो. पहिला, १९९७ साली गाव पिंपरी-चिंचवड महापालिकेत गेल्यानंतर ज्याच्या वावराचे गुंठे झाले तो. त्याला निर्णयाची गरज नसते. तो दोन्ही घेतो. दुसरा, भोसरीत दोन सीएनसी टाकून चाकणच्या कंपन्यांना पार्ट पुरवणारा. पेमेंट नव्वद दिवसांनी येत असल्यामुळे त्याला विचार करायला भरपूर वेळ मिळतो. प्रस्तुत प्रबंध त्याच्यासाठी आहे. यापुढे त्याला यजमान म्हणू. विषय आणि संबंध उघड आहेत. प्रयोजन अद्याप सापडलेले नाही.

प्रथम जलविचार. सबमरीनर १९५३ साली तयार झाले तेव्हा १०० मीटरपर्यंत टिकत होते, आज ३०० मीटरपर्यंत टिकते. सीमास्टरची ही मालिका १९९३ची, आणि तिच्या नावातच ३०० आहेत. ३०० मीटर म्हणजे ९८४ फूट. चऱ्होलीत एवढी खोली संभवली तर ती बोअरमध्येच. बोअर सहा इंची असल्यामुळे घड्याळ तळाला पोहोचेल, यजमान पोहोचणार नाही. शिवाय हा सगळा टापू समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरच्या आसपास उंच. ३०० मीटर खाली उतरल्यावरही समुद्र आणखी खालीच राहतो.

राहता राहिली इंद्रायणी. तिच्यात बुडून कोरडे निघण्याचा लौकिक या पंचक्रोशीत एकाच वस्तूचा आहे, तो तुकोबांच्या गाथेचा. तोही वर देहूला, तेराव्या दिवशी, अशी वारकऱ्यांची श्रद्धा. पाणबुड्यांच्या घड्याळांसाठी आयएसओ ६४२५ नावाचे मानक आहे. त्यात इतर चाचण्यांबरोबर घड्याळ ३० सेंटिमीटर पाण्यात ५० तास ठेवून पाहतात. तेरा दिवसांचे तास होतात ३१२. स्वित्झर्लंडने याची नोंद घ्यावी. आळंदीच्या घाटाशी नदीला जो पांढराशुभ्र फेस येतो, त्यात घड्याळाचे काय होते, याची चाचणी मात्र मानकात नाही.

यजमानाचा पाण्याशी खोल संबंध येतो तो सोसायटीच्या अंडरग्राउंड टाकीपाशी. महापालिकेने नोव्हेंबर २०१९मध्ये दिवसाआड पाणी सुरू केले, आणि पाणबुड्याच्या घड्याळाला शहरात प्रथमच काम मिळाले. काचेभोवतीच्या फिरत्या कडीवर, म्हणजे बेझेलवर, एक त्रिकोण असतो. बुडी मारताना तो मिनिटकाट्यासमोर आणायचा. पुढे काटा कडीवरच्या ज्या आकड्यावर येईल तेवढी मिनिटे गेली. पाणबुड्या त्यावरून सिलिंडरमधल्या हवेचा हिशेब ठेवतो, यजमान त्यावरून नळ मोजतो. ही कडी एकाच बाजूला, उलटीच, फिरते. कारण असे की चुकून धक्का लागला तरी गेलेला वेळ जास्त दिसावा, कमी दिसू नये. पाणबुड्या लवकर वर येतो आणि वाचतो. चऱ्होलीत हाच गुण अंगाशी येतो. टाकीचा व्हॉल्व्ह पाच मिनिटे आधी बंद होतो आणि चौथ्या मजल्यावरून भांडण खाली येते. अंधारात २५ सेंटिमीटरवरून वेळ वाचता यावी, ही त्याच मानकातली अट मात्र निर्दोष आहे. लाइट गेलेली संध्याकाळ समोर ठेवूनच ती घातलेली दिसते.

सीमास्टरला दहाच्या आकड्यापाशी एक जास्तीची चावी असते. ती हेलियम बाहेर सोडण्यासाठी. समुद्रतळाशी दिवसचे दिवस काम करणारे लोक दाबाखालच्या खोलीत हेलियम मिसळलेली हवा घेतात. तो वायू घड्याळात शिरतो आणि दाब उतरवताना काच उडवू शकतो. चऱ्होलीत हेलियमशी गाठ पडलीच तर वाढदिवसाच्या फुग्यापाशी. पुढे चलावे.

येथे पूर्वपक्ष उभा राहतो. सनातनी म्हणतात, बुडणारे घड्याळ ही आमचीच वस्तू. तांब्याचे लहान वाडगे, तळाला बारीक छिद्र. पाण्यावर सोडले की भरत भरत चोवीस मिनिटांनी बुडे आणि एक घटिका होई. लग्नमुहूर्ताच्या वेळी भटजींचे अर्धे लक्ष त्या वाडग्याकडे असे. आक्षेप वजनदार आहे. आमच्या घड्याळात पाणी शिरले की वेळ कळे. यांच्या घड्याळात पाणी शिरले की वेळ कळायची थांबते. पण घटिकापात्र मनगटावर बांधता येत नाही आणि त्याचे बिल पाहून पाहुणे दचकत नाहीत, म्हणून तो पक्ष येथेच सोडून दिला आहे.

आता लोहविचार. यात यजमानाला कोणी शिकवू नये. स्टेनलेस स्टीलच्या ३०४ आणि ३१६ या प्रतींतला फरक त्याने बार कापताना हाताने अनुभवलेला आहे. ओमेगा ३१६एल वापरते, रोलेक्स ९०४एल. दुसऱ्यात निकेल आणि मॉलिब्डेनम जास्त, थोडे तांबेही, म्हणून खाऱ्या पाण्याला ते अधिक पुरून उरते. शॉपमधल्या कूलंटचा वास दोघांना सारखाच लागतो. व्यास सबमरीनरचा ४१ मिलिमीटर, सीमास्टरचा ४२. जिथे दहा मायक्रॉनवरून लॉट परत येतो, तिथे हा फरक डोळ्यांत भरण्याजोगा आहे. सबमरीनरच्या तासकाट्यावरच्या वर्तुळाला शौकीन लोक मर्सिडीज म्हणतात. चाकणला मर्सिडीजचा कारखानाच असल्याने यजमानाला त्याचे अप्रूप नाही.

खरा मुद्दा चुंबकाचा आहे आणि तो कोणी बोलत नाही. सर्फेस ग्राइंडरच्या मॅग्नेटिक चकवर जॉब लावताना मनगट चकच्या अगदी जवळ जाते. साध्या यांत्रिक घड्याळाची केसासारखी बारीक स्प्रिंग चुंबकाने भारली की तिचे वेढे एकमेकांना चिकटतात आणि घड्याळ सुसाट पुढे पळते. सीमास्टर १५,००० गॉसला तपासलेले असते. रोलेक्सची स्प्रिंगही नायोबियम-झिर्कोनियमची, चुंबकाला दाद न देणारी. पण सबमरीनरसाठी कंपनी आकडा छापत नाही. ज्याच्या प्रत्येक ड्रॉइंगवर टॉलरन्स लिहिलेला असतो, त्याला आकड्याशिवायचा भरवसा चालत नाही.

वेळेबाबत. रोलेक्स दिवसाला दोन सेकंद मागे किंवा दोन सेकंद पुढे जाऊ शकते. ओमेगाला शून्य ते पाच सेकंद पुढे जाण्याची मुभा आहे, मागे पडण्याची नाही. डिस्पॅचचा टेम्पो ज्याला वेळेत काढायचा आहे त्याने पुढचेच बरे समजावे. चावी पूर्ण दिल्यावर रोलेक्स साधारण ७० तास चालते, ओमेगा ५५. भोसरीची सुट्टी गुरुवारची. बुधवारी संध्याकाळी काढून ठेवलेले घड्याळ शुक्रवारी सकाळी दोन्हीकडे चालूच असते, तेव्हा हा वाद मिटला.

शेवटी प्रतीक्षाविचार. सबमरीनरसाठी दुकानात नाव नोंदवून थांबावे लागते, आणि थांबायचे नसेल तर बाहेर छापील किमतीवर ‘ऑन’ मोजावा लागतो. आकुर्डीच्या कारखान्यातून निघणाऱ्या बजाज चेतकसाठी ज्याच्या वडिलांनी वर्षानुवर्षे नंबर लावला, त्या यजमानाला ही पद्धत नवीन नाही. उलट, ज्या वस्तूला नंबर लागतो तीच चांगली, हा संस्कार त्याच्यावर घरातच झालेला आहे. सबमरीनरचा सर्वात मोठा आधार हाच, आणि तो हलका नाही.

निर्णय: ज्याचा हात मशीनला लागतो त्याने सीमास्टर घ्यावे. ज्याचा लागत नाही त्याने सबमरीनरसाठी नंबर लावावा. तोवर मोबाइल दोन्हींपेक्षा बरोबर वेळ दाखवतो. कोणतेही घेतले तरी टाकीत हात घालण्याआधी चावी घट्ट फिरवून बसवावी. ती सैल राहिली तर ३०० मीटरची हमी बादलीतच संपते.